संगणकाचा वीजपुरवठा आणि ‘पुरेसेपणा’ : वॅटच्या आकड्यामागील इतिहास

प्रस्तावना

खेळांसाठी संगणक जुळविताना प्रोसेसर व ग्राफिक्स कार्ड यांची निवड बारकाईने केली जाते. वीजपुरवठ्याचा संच, ज्याला आपल्याकडील बाजारात ‘एसएमपीएस’ म्हणतात, तो मात्र बहुधा खोक्यावरील वॅटचा आकडा पाहूनच घेतला जातो. परिणामी मोठ्या आकड्याचा संच असूनही यंत्र ऐन खेळात बंद पडते, तर तुलनेने लहान संच अनेक वर्षे निर्वेध चालतो. या विसंगतीचे मूळ इतिहासात आहे. ‘पुरेसा’ या शब्दाचा अर्थ तीन टप्प्यांत बदलत गेला. खरेदीदाराची सवय मात्र पहिल्याच टप्प्यात राहिली, असे प्रस्तुत लेखाचे प्रतिपादन आहे.

पहिला टप्पा : एकूण वॅट

भिंतीतील प्रत्यावर्ती विजेचे कमी दाबाच्या दिष्ट विजेत रूपांतर करणे हे या संचाचे कार्य होय. १९७७ च्या ‘ॲपल २’ संगणकासाठी रॉड होल्ट यांनी स्विचिंग पद्धतीचा संच रचला. जड रोहित्राऐवजी उच्च वारंवारतेचा वापर झाल्याने संच हलका झाला व उष्णताही घटली. १९८१ च्या आयबीएम पीसीचा संच केवळ ६३.५ वॅटचा होता. १९८३ च्या एक्सटीमध्ये तो १३० वॅट, तर १९८४ च्या एटीमध्ये १९२ वॅट झाला. पहिल्या पीसीच्या ६३.५ वॅटपैकी ३५ वॅट ५ व्होल्टच्या वाहिनीवर होते, कारण मंडलांतील चिप त्याच दाबावर चालत. १२ व्होल्टचा उपयोग प्रामुख्याने डिस्कच्या मोटारींसाठी होई. भाराचे स्वरूप ठरलेले असल्याने एकूण वॅट पाहणे या काळात बव्हंशी पुरेसे होते.

दुसरा टप्पा : १२ व्होल्टकडे स्थलांतर

१९९५ साली इंटेलने ‘एटीएक्स’ मानक आणले, त्यात ३.३ व्होल्टची वाहिनी समाविष्ट झाली. पुढे प्रोसेसरची भूक वाढली. तीच शक्ती कमी दाबाने वाहून नेल्यास विद्युतधारा वाढते व तारा तापतात. म्हणून २००० साली पेंटियम ४ च्या काळात मदरबोर्डला १२ व्होल्टची स्वतंत्र चार पिनांची जोडणी मिळाली. २००३ च्या सुधारित मानकात मुख्य जोडणी २० वरून २४ पिनांची झाली. पीसीआय एक्स्प्रेसच्या खाचेतून कार्डास कमाल ७५ वॅट मिळतात. त्यापुढील गरजेसाठी सहा पिनांची ७५ वॅटची व आठ पिनांची १५० वॅटची जोडणी रूढ झाली.

या स्थलांतराने एकूण आकडा फसवा ठरला. समजा, ५०० वॅटच्या एखाद्या संचावर १२ व्होल्टला ३० अँपिअर लिहिले आहे. म्हणजे प्रोसेसर व कार्ड यांच्या वाट्याला ३६० वॅटच येतात. उरलेली क्षमता ज्या वाहिन्यांवर आहे तेथे आजच्या यंत्राची मागणी अल्प असते.

२००४ मध्ये सुरू झालेल्या ‘८० प्लस’ प्रमाणपत्रानेही एक गैरसमज रूढ केला. ८० टक्के कार्यक्षमतेचा ५०० वॅटचा संच ४०० वॅटच देतो, असे समजले जाते. वस्तुतः वॅटचा आकडा संचाने द्यावयाच्या शक्तीचा असतो. ४०० वॅट देताना असा संच भिंतीतून ५०० वॅट घेतो व १०० वॅट उष्णतेत जातात. ९० टक्के कार्यक्षमतेत हा अपव्यय सुमारे ४४ वॅटवर येतो. हे प्रमाणपत्र अपव्यय मोजते. संरक्षण-मंडल वा कपॅसिटर यांच्या दर्जाची हमी देत नाही.

तिसरा टप्पा : क्षणाचा भार

आधुनिक ग्राफिक्स कार्डाची मागणी क्षणोक्षणी बदलते. सरासरी ३०० वॅट घेणारे कार्ड अत्यल्प काळ त्याहून पुष्कळ अधिक मागू शकते. अशा वेळी संचातील संरक्षण-मंडल यंत्र बंद करते. २०२२ च्या एटीएक्स ३.० मानकाने हे वास्तव मान्य केले. नव्या १६ पिनांची जोडणी असलेल्या ४५० वॅटवरील संचांनी १०० मायक्रोसेकंदांपर्यंत दुप्पट भार पेलावा, अशी अपेक्षा त्यात आहे. मात्र या ६०० वॅटच्या जोडणीतील सहा पिनांतून ५० अँपिअर, म्हणजे प्रत्येकी आठहून अधिक अँपिअर वाहतात. जोडणी पूर्ण न बसल्यास ती वितळण्याचे प्रकार त्याच वर्षी पुढे आले आणि २०२३ मध्ये तिची रचना सुधारण्यात आली.

उपयोजन

रायझन ७ ७८००एक्स३डी या प्रोसेसरची शक्तिमर्यादा १६२ वॅट व आरटीएक्स ४०७० कार्डाची २०० वॅट आहे. इतर भागांसाठी साधारण ६० वॅट धरल्यास बेरीज ४२२ होते. एनव्हिडियाने या कार्डासाठी ६५० वॅटचा संच सुचविला आहे. म्हणजे भार सुमारे ६५ टक्के राहतो. उरलेली क्षमता ही चैन नसून क्षणिक मागणी, उष्णता व संचाचे वय यांसाठीची राखीव तरतूद आहे. याच यंत्रासाठी १००० वॅटचा संच घेणे हा बहुधा अनावश्यक खर्च ठरेल.

निष्कर्ष

पुरेसेपणा हा एक आकडा नसून तीन प्रश्नांचे उत्तर आहे : एकूण किती, कोणत्या वाहिनीवर किती आणि क्षणभर किती? पहिल्याचे उत्तर खोक्यावर मिळते, दुसऱ्याचे संचावरील तक्त्यात, तर तिसऱ्याचे मानकाच्या उल्लेखात व स्वतंत्र चाचण्यांत. यंत्रातील प्रत्येक महागडा भाग या एका संचावर विसंबून असतो. म्हणूनच तो शेवटी उरलेल्या पैशांत नव्हे, तर आरंभीच्या हिशेबात निवडला जाणे आवश्यक आहे.