क्रेप कागदाचे झगे

दरवर्षी 31 ऑक्टोबरच्या संध्याकाळी अमेरिकेतील मुले भुते, चेटकिणी, चाचे अशी सोंगे घेऊन शेजाऱ्यापाजाऱ्यांच्या दारी खाऊ मागत फिरतात. हॅलोविनची ही सोंगे आता बहुतेक बाजारातूनच येतात. पण ती घरी शिवण्याचा इतिहास मोठा गमतीचा आहे. गमतीचा म्हणतो खरा, पण त्यात एक जीवघेणा भागही आहे.

एकोणिसाव्या शतकात आयर्लंड आणि स्कॉटलंडमधून आलेल्या लोकांनी हा सण अमेरिकेत आणला. तेव्हा सोंगासाठी खास शिवणकाम लागत नसे. बापाचा जुना कोट उलटा घातला, तोंडाला काजळी फासली की झाले. ओळख लपवायची, कारण पुढे खोड्या काढायच्या असत. कुणाचे फाटकच उचलून न्यायचे, कुणाची गुरे सोडायची. होळीसाठी लाकडे पळवणारी आपल्याकडची पोरे आठवावीत! शहरे वाढली तशी ही धुडगूस लोकांना नकोशी झाली. मिनेसोटा राज्यातल्या अनोका गावाने 1920 मध्ये पोरांचे लक्ष खोड्यांवरून वळवण्यासाठी चक्क मिरवणूक काढली. मिरवणूक म्हटली की पोशाख आला, आणि पोशाख म्हटला की आईची सुई.

ही गरज एका कागद कंपनीने आधीच हेरली होती. मॅसॅच्युसेट्समधील डेनिसन कंपनी क्रेप कागद बनवी. आपण ज्याची फुले आणि झिरमिळ्या करतो तोच. तिने 1909 मध्ये ‘बोगी बुक’, म्हणजे बागुलबुवाची पुस्तिका काढली. 1912 पासून 1934 पर्यंत या पुस्तिका निघत राहिल्या. त्यातली रीत सोपी होती. मांजरपाटाचा साधा झगा शिवायचा आणि त्यावर नारिंगी-काळ्या कागदाच्या झालरी टाके घालून किंवा डकवून बसवायच्या. क्रेप ताणला जातो, चुण्या धरतो आणि एका रात्रीपुरता स्वस्तात पडतो. ओला झाला की मात्र रंग सोडतो. म्हणजे ज्याला आपण ‘घरगुती’ म्हणतो, त्याचा बेतही एका कारखानदाराने कागद खपवण्यासाठीच आखून दिलेला होता. त्यात मला काही वावगे दिसत नाही. शिवणारे हात तर घरचेच होते.

पण त्या रात्री दारोदार पोखरलेले भोपळे ठेवतात, आणि भोपळ्यात असते पेटती मेणबत्ती. शेजारी कागदी झालरीचा घोळदार झगा! 1940च्या दशकात काउबॉयच्या तयार पोशाखांतील लवदार रेयॉनच्या विजारींनी पेट घेऊन मुले भाजली, तेव्हा कुठे अमेरिकेने 1953 मध्ये ज्वालाग्राही कापडाचा कायदा केला. तो विक्रीच्या मालासाठी. घरच्या कपाटातली जुनी चादर कोण तपासणार? म्हणून घोळदार, पायात येणारे झगे टाळा, असे तिथे आजही दर ऑक्टोबरात सांगितले जाते.

तयार पोशाखांत न्यूयॉर्कच्या बेन कूपर कंपनीचे नाव मोठे. 1937 मध्ये सुरू झालेली ही कंपनी खोक्यात प्लॅस्टिकचा मुखवटा आणि पातळ झगा देई. गंमत अशी की झग्याच्या छातीवर त्याच पात्राचे चित्र किंवा नाव छापलेले असे. ज्याचे सोंग घेतले त्याचीच पाटी गळ्यात! त्यापुढे दोन भोके पाडलेली चादर कितीतरी बरी. 1966च्या एका गाजलेल्या व्यंगचित्रपटात चार्ली ब्राउनच्या चादरीला मात्र भोकेच भोके पडलेली दिसतात. घरी कात्री चालवणाऱ्या किती जणांना त्यात आपली चादर दिसली असेल!

ही चादर सोडली, तर घरच्या सोंगाला कापड विकतच आणावे लागते. त्यासाठी ओहायो राज्यात 1943 मध्ये सुरू झालेली जोअ‍ॅन ही दुकाने देशभर पसरली होती. 2025च्या मे महिन्यापर्यंत ती सगळी, सुमारे 800, बंद झाली. त्या वर्षीच्या हॅलोविनला मुलासाठी मांजर किंवा भोपळा शिवायला बसलेल्या कितीतरी आयांना नारिंगी कापड हाताने चाचपून घेण्यासाठी दुसरे दुकान शोधावे लागले.