घाट : वाटेचा डोंगर कसा झाला?

१/ पोहरादेवी हे वाशिम जिल्ह्याच्या मानोरा तालुक्यातील गाव. संत सेवालाल महाराजांच्या समाधीमुळे ते बंजारा समाजाची काशी मानले जाते. जुन्या वऱ्हाडात हा मुलूख 'बालाघाट' म्हणून ओळखला जाई. डोंगररांगेसाठी इंग्रजीने उचललेल्या एका शब्दाचा मूळ अर्थ या नावात शाबूत आहे.

२/ फारसीत 'बाला' म्हणजे वरचा, 'पाईन' म्हणजे खालचा. अजिंठ्याच्या डोंगररांगेवरचे पठार ते बालाघाट; उत्तरेकडील पूर्णा नदीचे काळ्या मातीचे खोरे ते पायनघाट. मुलूख वरचा की खालचा, हे ठरत असे घाटावरून, म्हणजे चढउताराच्या वाटेवरून.

३/ संस्कृत 'घट्ट' म्हणजे पाण्यात उतरण्याची जागा. मराठीत नदीलाही घाट असतो आणि डोंगरालाही. दोन्हींत उतरणे समान. नाणेघाट, बोरघाट, थळघाट ही वाटांची नावे होत. डोंगराचे नाव वेगळे : सह्याद्री.

४/ मग इंग्रजीत 'घाट' म्हणजे पर्वतरांग कशी झाली? यूल आणि बर्नेल यांनी 'हॉब्सन-जॉब्सन' (१८८६) या कोशात तर्क मांडला : 'घाटावरचा मुलूख', 'घाटाखालचा मुलूख' असे बोलणे ऐकून परकीयांना ते डोंगराचेच नाव वाटले असावे. नकाशांवर 'वेस्टर्न घाट्स' उमटले आणि त्याचेच भाषांतर होऊन मराठीत 'पश्चिम घाट' रूढ झाला.

५/ बंजाऱ्यांच्या लेखी मात्र घाट ही वाटच होती. बैलांच्या पाठीवर धान्य आणि मीठ लादून त्यांचे तांडे घाट चढत-उतरत. १८०३ च्या मराठ्यांविरुद्धच्या युद्धात आर्थर वेलस्लीच्या फौजेची रसदही बंजाऱ्यांवर अवलंबून होती.

६/ १८३० मध्ये बोरघाटातून गाडीरस्ता खुला झाला, १८६३ मध्ये रेल्वे. १८६७ मध्ये रूळ पायनघाटातून नागपूरला पोहोचले. माल आगगाडीत चढला आणि लदणीच्या बैलांचा व्यापार ओसरत गेला. तांडे हळूहळू एका जागी स्थिरावले. 'तांडा' हा फिरत्या काफिल्याचा शब्द वस्तीचे नाव होऊन बसला.

७/ दोन शब्दांची ही एकच कथा आहे. 'घाट' ही वाट होती, तिचा डोंगर झाला. 'तांडा' हा प्रवास होता, त्याचे गाव झाले. रामनवमीला मात्र अनेक राज्यांतील तांडे पोहरादेवीच्या यात्रेसाठी पुन्हा वाटेला लागतात.