सावकाराची वही मोबाईलमध्ये आली

१२ मे १८७५ रोजी पुणे जिल्ह्यातल्या सुपे गावी शेतकऱ्यांनी सावकारांची घरे-दुकाने फोडली. त्यांचा रोख होता कर्जरोख्यांवर. हाती लागले ते कागद त्यांनी जाळले आणि हा वणवा पुणे-अहमदनगर जिल्ह्यांत पसरला. पुस्तकांत याला 'दख्खनचे दंगे' म्हणतात. दंगा म्हटले की लूटमार आठवते. पण वाचता न येणाऱ्या माणसाने नेमका कागदच का जाळला?

कारण वही सावकाराची, अक्षर सावकाराचे, निशाणी तेवढी कुणब्याची. आपल्या डोक्यावर कर्ज किती, हे त्याला ठाऊकच नव्हते.

सरकारने आयोग नेमला आणि १८७९ मध्ये दख्खन शेतकरी साहाय्य कायदा आला. त्यातल्या तरतुदी आजच्या कार्यकर्त्यांनी आवर्जून पाहाव्यात. रोखा गावच्या निबंधकासमोर व्हावा, फेडीची पावती मिळावी, वर्षाचा हिशेब आणि मागितल्यास पासबुक द्यावे. रोख्यावरचा आकडा खरा न धरता न्यायालयाने व्यवहार मुळापासून तपासावा.

मात्र ज्याच्याकडे गहाण टाकायला जमीनच नव्हती, त्याचे तारण त्याचे अंग. उचल घ्यायची आणि सालगडी म्हणून फेडत राहायचे. बाबासाहेबांनी १९४७ च्या 'राज्ये आणि अल्पसंख्याक' मध्ये विमा ही राज्याची मक्तेदारी असावी आणि प्रत्येक प्रौढ नागरिकाला विमा सक्तीचा असावा, असे मांडले ते उगीच नव्हे. १९६९ मध्ये १४ बँकांचे राष्ट्रीयीकरण झाले. तरी जामीनदार आणायचा कुठून, हा वस्तीतला प्रश्न राहिलाच.

मग २०१४ मध्ये जनधन आले, २०१६ मध्ये यूपीआय. भाजीच्या गाडीवर क्यूआर कोड लागला, शिष्यवृत्ती थेट खात्यात येऊ लागली. हा फायदा खरा आहे, तो नाकारण्यात शहाणपणा नाही. पण पैसे पाठवता येणे वेगळे आणि रास्त व्याजाने कर्ज मिळणे वेगळे.

ही दरी कर्ज देणाऱ्या ॲपनी हेरली. रिझर्व्ह बँकेच्या कार्यगटाला २०२१ मध्ये अशी सुमारे ११०० ॲप आढळली. त्यांतली ६०० बेकायदा. हप्ता चुकला की फोनमधल्या नातेवाइकांना फोन करून बेअब्रू करायची, ही काहींची वसुली. २ सप्टेंबर २०२२ च्या मार्गदर्शक सूचनांनी कर्जाचा सगळा खर्च एका पत्रकात आधी सांगणे बंधनकारक केले, फोनमधल्या नंबरांच्या यादीला हात लावायला मनाई केली. म्हणजे १४३ वर्षांनी मागणी तीच: हिशेब दाखवा!

आता नवी वही म्हणजे स्कोअर. ॲप जात विचारत नाही. पत्ता विचारते, पिनकोड विचारते. आणि आपल्याकडे पत्त्यावरून जात कळते, हे तुम्हाला सांगायला नको. कर्ज नाकारले गेले तर कोणत्या माहितीवरून नाकारले, हे लेखी आणि मराठीत मागायला आपण सुरुवात केली पाहिजे. सुप्याच्या लोकांपुढे जाळायला निदान कागद तरी होता.