वसईचा तह : सही एकाची, बंधन साऱ्या दौलतीला

वसईच्या किल्ल्याने तह काही एकच पाहिला नाही. १५३४ मध्ये मोगलांच्या धास्तीने गुजरातच्या बहादूरशाहाने वसई आणि तिच्याखालचा मुलूख पोर्तुगीजांना दिला. मुंबईची बेटेही त्यातच गेली. १७३९ च्या मे महिन्यात चिमाजीअप्पांनी शरण आलेल्या पोर्तुगीजांना सन्मानाने किल्ला सोडू दिला. इतिहासात ‘वसईचा तह’ म्हणून गाजला तो मात्र ३१ डिसेंबर १८०२ चा.

त्याचे मूळ सूडात होते. १८०१ मध्ये दुसऱ्या बाजीरावांनी विठोजी होळकरांना पुण्यात हत्तीच्या पायी दिले. २५ ऑक्टोबर १८०२ रोजी त्यांचे बंधू यशवंतराव यांनी हडपसरला पेशवे व शिंदे यांच्या फौजा मोडल्या. बाजीराव पळाले ते कोकणात उतरून, समुद्रमार्गे वसईस पोहोचले. तेथे त्यांना गादी परत हवी होती, आणि कंपनीचा प्रतिनिधी बॅरी क्लोज तहाचा मसुदा घेऊन सिद्ध होता.

कलमे नीट पाहण्याजोगी आहेत. किमान सहा हजार पायदळ पेशव्यांच्या मुलखात कायमचे राहणार. त्याच्या खर्चासाठी सव्वीस लाखांच्या उत्पन्नाचा प्रदेश कंपनीला. सुरतेवरील हक्क सोडायचा. इंग्रजांच्या शत्रुराष्ट्राचा युरोपीय चाकरीत ठेवायचा नाही. निजाम आणि गायकवाड यांच्याशी असलेल्या वादांत कंपनी मध्यस्थ. अन्य सत्तांशी बोलणे करायचे तर आधी कंपनीला विचारायचे. या पलटणींना ‘तैनाती फौज’ म्हणतात. तैनात पेशव्यांच्या रक्षणाला, हुकूम मात्र कंपनीचा! खंडणी एखादे वर्षी थकवता येते, चुकवताही येते. तोडून दिलेला मुलूख परत येत नाही.

बाजीरावांच्या भित्रेपणावर पुष्कळ शाई खर्च झाली आहे. माझ्या मते दोष त्याहून मोठा होता. पेशवा हा मराठा सरदारांचा मुख्य. त्याने परराज्याशी कायमचे बंधन पत्करले, पण शिंदे आणि नागपूरकर भोसले यांना विचारलेही नाही.

१३ मे १८०३ रोजी बाजीराव इंग्रजी संगिनींच्या आधाराने पुण्यात परतले. शिंदे-भोसल्यांना हा तह मान्य होणे शक्यच नव्हते. सप्टेंबरात असई, नोव्हेंबरात आडगाव, दोन्हीकडे पराभव. डिसेंबरात भोसल्यांनी देवगावला आणि शिंद्यांनी सुर्जी-अंजनगावला तह केले. ज्यांच्या धाकाने हे सारे घडले, ते यशवंतराव त्या युद्धात उतरलेच नाहीत. १८०४ मध्ये त्यांची पाळी आली, तेव्हा ते एकटे लढले.