समासातल्या रेघोट्या आणि इनामगावची खापरे

शिरूर तालुक्यात घोड नदीच्या काठी इनामगाव आहे. 'इनाम' हा शब्द मूळचा अरबी. फारसीचे बोट धरून तो मराठीत आला आणि इथल्या मातीत असा रुजला की आज तो कोणालाच परका वाटत नाही. आमच्या उर्दू शाळेतले पोर स्पर्धेत पहिले आले की 'इनाम मिला' म्हणत घरी धावते, आणि जमिनीचे जुने कागद चाळणाऱ्या शेतकऱ्यालाही तो शब्द आपल्याच आजोबांचा वाटतो. गावाचे नाव असे मध्ययुगाची आठवण सांगणारे. पण नदीकाठच्या पांढरीच्या टेकाडाखाली जी वस्ती सापडली, ती या नावाहून कितीतरी जुनी आहे.

मी इतिहास शिकवते. तरीही इनामगावचा खरा परिचय मला पुस्तकातून झाला नाही, तो एका मुलाच्या वहीतून झाला.

माझ्या वर्गात एक मुलगा होता. अभ्यासात बेताचा, बोलायला कमी. त्याच्या प्रत्येक वहीचा समास रेघोट्यांनी भरलेला असे. त्रिकोणाला त्रिकोण जोडलेले, त्यात तिरक्या रेषा, खाली लाटांची ओळ, मग बारीक जाळी. फूल नाही, पक्षी नाही, माणूस नाही. एकच आकार पुन्हा पुन्हा. एके दिवशी मी मुघलांच्या महसूल पद्धतीवर बोलत होते आणि हा खाली मान घालून समास भरत होता. माझा तोल गेला. मी ते पान फाडले आणि त्याला वर्गाबाहेर उभे केले. बी.एड.ला बालमानसशास्त्राच्या पेपरात मला चांगले गुण होते, हेही इथे कबूल केले पाहिजे.

त्याच वर्षी आम्ही मुलांची सहल पुण्याला नेली. येरवड्याच्या डेक्कन कॉलेजचे पुरातत्त्व संग्रहालय पाहताना मुले कंटाळली होती. तेवढ्यात हा मुलगा एका काचेच्या कपाटापुढे थांबला. आत लाल रंगाची मातीची भांडी होती, त्यांवर काळ्या रंगाची नक्षी. तो माझ्याकडे वळून हळूच म्हणाला, "आपा, ये तो मेरी कॉपी में भी है." मी जवळ जाऊन पाहिले. खरेच होते. तेच त्रिकोण, त्याच तिरक्या रेषा, तीच जाळी. कपाटातली भांडी इनामगावची होती. आमच्याच तालुक्यातली, तीन हजार वर्षांहून जुनी.

परत आल्यावर मी मिळेल ते वाचून काढले.

डेक्कन कॉलेजने इनामगावला १९६८ ते १९८३ या काळात उत्खनन केले. हसमुख धीरजलाल सांकलिया, मधुकर केशव ढवळीकर आणि झेड. डी. अन्सारी ही त्यातली प्रमुख नावे. ताम्रपाषाण युगातल्या एका खेड्याचा इतका सविस्तर अभ्यास आपल्या देशात क्वचितच झाला असेल. इसवी सनापूर्वी सुमारे १६०० ते ७०० अशी जवळजवळ नऊशे वर्षे इथे लोक राहिले. शंभराहून जास्त घरांचे अवशेष मिळाले. सुरुवातीच्या काळात घरे चौकोनी व ऐसपैस होती. गावाच्या मध्यभागी पाच खोल्यांचे मोठे घर होते आणि त्याच्या जवळ धान्याचे कोठार. ते गावच्या प्रमुखाचे असावे असे संशोधक मानतात. कुंभार, सोनार, मणी घडवणारे हे कारागीर गावाच्या पश्चिम बाजूला राहत. शेतीला पाणी देण्यासाठी पाट काढलेला होता. लोक सातू पिकवीत, गुरे पाळीत, शिकार करीत.

घरात मूल दगावले तर त्याला दोन मडक्यांत ठेवून, मडक्यांची तोंडे एकमेकांना भिडवून, घराच्याच जमिनीखाली पुरत. शेजारी तोटीचे भांडे आणि वाडगा ठेवीत. हे वाचताना माझा हात थांबला. आमच्या घरी वजूसाठी तोटीचा बधना असे. त्या तोटीच्या भांड्याचा आणि आमच्या बधन्याचा काही संबंध आहे असे मी म्हणत नाही. पण मेलेल्या लेकराला तहान लागेल म्हणून पाण्याचे भांडे ठेवणारी आई समजायला इतिहासाची पदवी लागत नाही.

इसवी सनापूर्वी १००० च्या सुमारास दिवस पालटले. पाऊस कमी होत गेला असे ढवळीकरांचे मत होते. ऐसपैस घरे गेली, लहान गोल झोपड्या आल्या आणि पुढे काही शतकांत वस्ती उठली.

या लोकांच्या भांड्यांना 'जोर्वे' भांडी म्हणतात. तेव्हाच्या अहमदनगर, आताच्या अहिल्यानगर जिल्ह्यात, संगमनेर तालुक्यात प्रवरेच्या काठी जोर्वे गाव आहे. तिथे १९५०-५१ मध्ये ती प्रथम उत्खननात मिळाली, म्हणून हे नाव. चाकावर घडवलेली, उत्तम भाजलेली, टिचकी मारली तर धातूसारखी वाजणारी भांडी. लाल पृष्ठभागावर काळ्या रंगाने नक्षी, आणि ती बहुतेक भौमितिक. समांतर रेषांचे पट्टे, रेषांनी भरलेले त्रिकोण, शंकरपाळ्यांच्या ओळी, जाळ्या, शिड्या. एक आकार घ्यायचा, त्याच्या शेजारी तोच काढायचा, पुन्हा तोच, भांड्याला फेरी पूर्ण होईपर्यंत.

हे काम सोपे नाही. नक्षी भांडे भाजण्याआधी काढलेली असे. एकदा भट्टीत गेले की ती कायमची. भांडे गोल, म्हणून पहिला त्रिकोण आणि शेवटचा त्रिकोण यांची भेट नीट झाली पाहिजे. अंतराचा अंदाज चुकला तर शेवटी अर्धा त्रिकोण उरणार. काढणाऱ्याला घाई परवडत नव्हती. त्याच्या किंवा तिच्या मनात तेव्हा काय चालले होते हे खापर सांगत नाही. परंतु हात स्थिर होता, हे तीन हजार वर्षांनंतरही दिसते. आणि पाणी तर साध्या मडक्यातही राहते. पोट भरण्यासाठी नक्षीची गरज नव्हती. तरीही माणसाने ती काढली.

वर्गात हे सांगितले तेव्हा एका मुलीने विचारले, "आपा, ये हमारी तारीख है क्या?" प्रश्न निरागस होता, पण मला बोचला. बाहेर कोणी ना कोणी आपल्या मुलांना सुचवतच असते की महाराष्ट्रातला तुमचा इतिहास १२९६ ला, अल्लाउद्दीन खिलजीच्या देवगिरीवरील स्वारीपासून सुरू होतो. दुर्दैवाने आपणही घरी तेच शिकवतो. त्याआधीचे सारे 'त्यांचे', त्यानंतरचे 'आपले', अशी वाटणी आपण स्वतःच करून बसलो आहोत.

मी मुलांना फळ्यावर एक नाव लिहून दाखवले. इनामगावच्या उत्खननाचा मोठा अहवाल १९८८ साली प्रसिद्ध झाला. त्यावर ढवळीकर आणि सांकलिया यांच्या जोडीला तिसरे नाव आहे, अन्सारी. नेवाशाच्या १९६० च्या अहवालावर ते आहे, राजस्थानातल्या आहाडच्या १९६९ च्या अहवालावर आहे, मध्य प्रदेशातल्या कायथाच्या १९७५ च्या अहवालावरही आहे. एका गुजराती, एका मराठी आणि एका मुस्लिम संशोधकाने एकाच टेकाडावर वर्षानुवर्षे माती चाळली. ही खापरे कोणाची, हा प्रश्न त्यांनी एकमेकांना विचारला नाही. कोणत्या काळातली, एवढाच विचारला. आपल्यापैकी किती जणांना हे नाव ठाऊक आहे? मलाही नव्हते.

आता त्या मुलाच्या रेघोट्यांकडे पुन्हा येऊ. एकच आकार वारंवार काढण्याला आपल्याकडे जुने नाव आहे, मश्क. खुशनवीस होऊ पाहणारा शागीर्द तख्तीवर एकच अलिफ, एकच बे, शेकडो वेळा लिहीत असे. दहाव्या शतकात बगदादचा वजीर इब्न मुक्ला याने अक्षरांची मापे ठरवली. त्याचे माप होते नुक्ता, म्हणजे तिरप्या टोकाच्या कलमाने उमटणारा शंकरपाळ्यासारखा ठिपका. अलिफ किती नुक्त्यांचा उंच, बे किती नुक्त्यांचा लांब, हे त्यावरून ठरे. उर्दू वर्तमानपत्रांत संगणक येईपर्यंत कातिब रोजचा अख्खा अंक हातानेच लिहीत. त्या बोटांमागे वर्षांची मश्क असे.

मराठीला हे अनोळखी नाही. 'कित्ता गिरवणे' हा वाक्प्रचार आपण रोज वापरतो. त्यातला कित्ता अरबी 'कित्आ'वरून आला. सुलेखनाचा नमुना म्हणून लिहिलेला तुकडा तो कित्आ. कागद, कलम, दौत, शाई हे शब्दही त्याच वाटेने आलेले. कित्ता अरबी, गिरवणे मराठी आणि हातातला बोरू इथल्या मातीतला.

सजीवांची चित्रे काढावीत की नाही यावर आपल्यात मतभेद आहेत आणि ते मला इथे सोडवायचे नाहीत. परंतु रेषा, वर्तुळे आणि तारे यांना मशिदींनी आणि मकबऱ्यांनीच शतकानुशतके भिंतीवर जागा दिली. छत्रपती संभाजीनगरच्या, म्हणजे पूर्वीच्या औरंगाबादच्या, बीबी का मकबऱ्यात कबरीभोवती संगमरवराची अष्टकोनी जाळी आहे. अशा नक्षीचे मूळ मुलांच्या कंपासपेटीत आहे. एक वर्तुळ काढावे. कंपास तितकाच उघडा ठेवून वर्तुळावर खुणा करीत जावे. बरोबर सहा खुणा होतात. एकाआड एक खुणा जोडल्या की दोन त्रिकोण आणि त्यांतून सहा टोकांचा तारा. तोच चारी दिशांना पसरत नेला की जाळी तयार. ती कुठेही थांबवता येते, पण ती संपत नाही.

गंमत अशी की हीच गोष्ट आता परदेशातून छंद म्हणून परत येत आहे. अमेरिकेत रिक रॉबर्ट्स आणि मारिया थॉमस या जोडप्याने एकविसाव्या शतकाच्या सुरुवातीला 'झेंटँगल' नावाची पद्धत काढली. मारिया सुलेखन करणारी. एका मोठ्या अक्षरामागे बारीक नक्षी भरताना आपण वेळेचे भान विसरतो, हे तिच्या लक्षात आले आणि त्यातून ही पद्धत निघाली. साडेतीन इंचांचा चौकोनी कागद घ्यायचा. पेन्सिलीने कडा व एक वळणदार रेघ काढायची. झालेल्या भागांत काळ्या पेनने एकेक आकार पुन्हा पुन्हा भरायचा, शेवटी पेन्सिलीने छटा द्यायची. खोडरबर वापरायचा नाही. म्हणजे भट्टीत गेलेल्या भांड्याचाच नियम! त्यांच्याकडेही सुरुवात अक्षरापासूनच झाली, ही बाब मला महत्त्वाची वाटते.

रेघोट्या काढणाऱ्या मुलाचे लक्ष नसते हा माझा समजही पक्का नाही असे दिसते. इंग्लंडमधल्या प्लिमथ विद्यापीठाच्या जॅकी अँड्रेड यांचा एक प्रयोग २००९ मध्ये प्रसिद्ध झाला. चाळीस जणांना फोनवरचा एक कंटाळवाणा निरोप ऐकवला. निम्म्यांना ऐकता ऐकता कागदावरचे आकार रंगवत राहायला सांगितले. नंतर विचारले तेव्हा आकार भरणाऱ्यांना इतरांपेक्षा २९ टक्के अधिक आठवले. प्रयोग लहान आहे, त्यावरून फार मोठे निष्कर्ष काढू नयेत. पण पान फाडण्याआधी शिक्षकाने थांबून विचार करावा, एवढे त्यातून नक्की निघते.

आता शनिवारी शेवटच्या तासाला माझ्या वर्गात दहा मिनिटे मश्क असते. कोणी जोर्वे भांड्यावरचे त्रिकोण काढतो, कोणी सहा टोकांचा तारा, कोणी अम्मीच्या मेहंदीतली वेल. वर्ग तेव्हा इतका शांत असतो की बाहेरच्या झाडावरच्या साळुंक्या ऐकू येतात. इतिहासात सारे पहिल्या वर्गात आले असे काही झाले नाही. पण इनामगावचा प्रश्न आला तर तो कोणी सोडत नाही. ज्या मुलीने 'ये हमारी तारीख है क्या' विचारले होते, तिने वहीत उत्तर लिहून ठेवले आहे, "जिस मिट्टी में रहते हैं, उस की तारीख हमारी है." मी यापेक्षा चांगले उत्तर देऊ शकले नसते.

त्या मुलाने शाळा सोडताना मला एक कागद दिला. काळ्या पेनाने शंकरपाळ्यांची ओळ, तिच्याखाली उर्दूत 'इनामगाव'. ओळीतला पहिला आणि शेवटचा आकार अगदी नीट जुळले होते. तो कागद माझ्या टेबलाच्या काचेखाली आहे. मी फाडलेले पान मात्र मला परत जोडता आले नाही. आपल्या घरातल्या मुलांच्या वह्यांचे समास असे भरलेले दिसले, तर रागावण्याआधी एकदा नीट पाहा, एवढीच विनंती.