पोवळं येतं कुठून?

मंगळासाठी अंगठीत घालतात ते लाल पोवळं आपल्या किनाऱ्यावरचं नाही. त्याचं जुनं माहेर भूमध्य समुद्र. पहिल्या शतकात रोमन लेखक प्लिनीने नोंदवलंय की रोमनांना जितकं भारतीय मोत्यांचं, तितकंच भारतीयांना पोवळ्याचं अप्रूप. आणि इकडच्या मागणीमुळे ते जिथे निघतं तिथेच दुर्मीळ झालंय. अठराव्या शतकात इटलीतल्या लिव्होर्नोचे ज्यू व्यापारी गोव्याला पोवळी पाठवून बदल्यात हिरे मागवत.

ती काढायला लाकडी क्रूसाला जाळी बांधून समुद्रतळ खरवडत. युरोपीय संघाने ही पद्धत १९९४ मध्ये बंद केली. पण पोवळ्याची फांदी वर्षाला अर्धा मिलिमीटरही जाड होत नाही. मोडलेलं भरून यायला कित्येक दशकं जातात. व्यापारावर आंतरराष्ट्रीय नियंत्रण आणायचे प्रस्ताव २००७ आणि २०१० मध्ये ‘साइटीस’च्या परिषदांत टिकले नाहीत.

मालवणच्या समुद्रातली खडक रचणारी प्रवाळं वेगळी. त्यांना आपला वन्यजीव कायदा जपतो. आपली राखायची आणि हौस मात्र दुसऱ्याच्या समुद्रातून भागवायची, हे मला पटत नाही. पत्रिका बघून मला कुणी पोवळं सुचवलं, तर ग्रहांवर वाद घालत नाही. म्हणतो, घरात कुणाचं जुनं असेल तर द्या; नवं नको.