सर्रा : पुण्यातल्या सोमलापासून हिसारच्या नॅनोकणांपर्यंत

घोड्याला सडपातळ करत मारणाऱ्या एका रोगाचे नाव जगभरच्या पशुवैद्यकीय ग्रंथांत ‘सर्रा’ असे आहे. काही इंग्रजी शब्दकोशकार त्याचे मूळ मराठीत, धापेच्या ‘सूर’ आवाजात, शोधतात. ही व्युत्पत्ती वादातीत नाही. पण या रोगाच्या इतिहासात पुणे, मुंबई आणि चंद्रपूर येतात, हे मात्र खरे.

1880 साली ग्रिफिथ इव्हान्स हा वेल्श पशुवैद्य सिंधूकाठच्या डेरा इस्माईल खान येथे आला. लष्कराचे घोडे आणि उंट तापाने, अंगावरच्या सुजेने, अन्न खात असतानाच झिजून मरत होते. इव्हान्सने आजारी जनावरांचे रक्त सूक्ष्मदर्शकाखाली धरले, तेव्हा तांबड्या पेशींच्या गर्दीत वळवळणारे, चाबकासारखे प्रजीव दिसले. ते रक्त त्याने निरोगी जनावरांना टोचले. त्यांच्याही रक्तात तेच प्रजीव आले. यावरून रोगाचे कारण हेच, असा निष्कर्ष त्याने काढला.

तो मान्य झाला नाही. टिमथी लुईसने 1878 मध्ये कलकत्त्याच्या उंदरांत असेच प्रजीव पाहिले होते, आणि ते उंदीर तर ठणठणीत होते! मग घोड्यांत तेच जीवघेणे कसे? आक्षेप अगदीच बाष्कळ नव्हता. पण उंदराचा प्रजीव वेगळा आणि घोड्याचा वेगळा, ही शक्यता तपासून पाहण्याऐवजी जाणकारांनी इव्हान्सचा अहवालच बाजूला सारला. ‘घोड्यांच्या डॉक्टर’चे मत म्हणून तो हलका ठरला असावा, असे मला वाटते. गंमत म्हणजे इव्हान्सकडे मॅकगिल विद्यापीठाची माणसांच्या वैद्यकाचीही पदवी होती. तो शंभर वर्षे जगला आणि 1935 मध्ये वारला. आपला प्रजीव ‘ट्रिपॅनोसोमा इव्हान्सी’ या नावाने रूढ झालेला त्याने पाहिला.

त्या नावातला ‘इव्हान्सी’ जे. एच. स्टीलने दिला. ब्रह्मदेशात 1885 मध्ये खेचरांत त्याने हाच रोग तपासला. प्रजीवाचा वर्ग ओळखण्यात तो चुकला, पण इव्हान्सच्या शोधाची पुष्टी त्याने केली. पुढच्याच वर्षी तो परळला नव्याने उघडलेल्या मुंबईच्या पशुवैद्यकीय महाविद्यालयाचा पहिला प्राचार्य झाला.

मग पुणे. येथे 1889 मध्ये इंपीरियल बॅक्टेरिओलॉजिकल लॅबोरेटरी सुरू झाली. चारच वर्षांनी ती कुमाऊँतल्या मुक्तेश्वरला हलली; आजची भारतीय पशुवैद्यक संशोधन संस्था ही तिचीच वंशज. तिचा प्रमुख आल्फ्रेड लिंगार्ड सर्ऱ्याच्या मागे लागला. त्याचा घोड्यांच्या सर्ऱ्यावरील अहवाल 1893 मध्ये मुंबईत छापला गेला. उपचारासाठी त्याने सोमल वापरला. सोमलाने प्रजीव मरतात, पण मात्रा थोडी चुकली तर घोडाही जातो.

सर्ऱ्याच्या औषधांचा पुढचा सगळा इतिहास या एकाच पेचात अडकलेला आहे. रोग पसरवणाऱ्या घोडमाशीवरचा संशय लिओनार्ड रॉजर्सने 1901 मध्ये प्रयोगाने पक्का केला. लस मात्र झाली नाही, कारण हा प्रजीव आपल्या अंगावरचे प्रथिनांचे आवरण पुनःपुन्हा बदलतो. शरीर जुने आवरण ओळखते न ओळखते तोच नवे येते. म्हणून तापही लाटांनी चढतो. राजस्थानातल्या उंटांचे हे दुखणे तीनेक वर्षे रेंगाळते, म्हणून तिकडे त्याला ‘तिबरसा’ म्हणतात. पहिल्या महायुद्धाच्या काळात जर्मनीत ‘बायर 205’ म्हणजे सुरामिन आले, 1949 मध्ये क्विनापायरामिन. ते टोचल्यावर घोड्याला लाळ सुटते, थरथर होते, टोचल्या जागी सूज येते.

सर्रा माणसाला होत नाही, अशी समजूत होती. 2004 मध्ये चंद्रपूर जिल्ह्यातल्या एका शेतकऱ्याच्या रक्तात हाच प्रजीव सापडला. बहुतेकांच्या रक्तात त्याला मारणारे एक प्रथिन असते. या शेतकऱ्याच्या रक्तात ते नव्हते. त्याला बरे केले ते जुन्या सुरामिननेच.

औषधे तीच, म्हणून आता त्यांचे वाहन बदलण्याचा प्रयत्न आहे. हिसारच्या राष्ट्रीय अश्व संशोधन केंद्रातील शास्त्रज्ञांनी 2014 मध्ये प्रसिद्ध केलेल्या संशोधनात क्विनापायरामिन सोडियम अल्जिनेटच्या नॅनोकणांत भरले. अल्जिनेट समुद्रातल्या तपकिरी शेवाळातून मिळते. हे कण प्रजीवापेक्षा काही शे पटींनी लहान. औषध त्यांतून हळूहळू सुटते, म्हणजे एकाच वेळी रक्तात लोट येत नाही. प्रयोगशाळेत प्रजीवांवरचा मारा वाढलेला दिसला. पेशींना होणारी इजाही त्याच प्रयोगांत मोजली गेली. लिंगार्डला घोड्यावरच मोजावे लागले, ते येथे आधी काचेच्या तबकडीत मोजता आले.